लंगर नंबर सात आणि वेताची खुर्ची

"हसायचं नाही," सुभेदार खिलारे म्हणाले. "काहीही झालं तरी हसायचं नाही."

"हसायचं," हवालदार गवारे म्हणाले. "नाही हसलात तर गेलात, पाहुणं."

मी दोघांच्या मधे उभा होतो आणि माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मुलगी बघायला आलेल्या माणसाला साधारणपणे मुलगी पसंत आहे की नाही एवढंच ठरवायचं असतं. ते मी दुपारी चहाच्या वेळीच ठरवलं होतं. आता मला टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेला हसायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि माझं लग्न त्यावर अडलं होतं.

नगरच्या बाहेर, छावणीच्याही पलीकडे, माजी सैनिकांची ही छोटी वसाहत होती. घरं एका रेषेत, झाडं एका रेषेत, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा उंचीप्रमाणे. वसाहतीत रंगीत टीव्ही एकच, तो हॉलमधे. दर रविवारी संध्याकाळी सगळी वसाहत त्याच्यासमोर हजर व्हायची आणि बसायची ती हुद्द्याप्रमाणे. पुढे एकच वेताची खुर्ची, ती ऑनररी कॅप्टन हणमंतराव शेलारांची. त्यांच्यामागे सुभेदार लोकांच्या घडीच्या खुर्च्या, त्यामागे हवालदारांची बाकं, आणि मग सतरंजी. बायकांची रांग वेगळी होती, पण तिथेही नवऱ्याचा हुद्दा लागू होता. लान्स नाईकच्या बायकोला टीव्ही दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा, तोही थोडा. आवाज वाढवण्याचा हुकूम फक्त साहेब देऊ शकत होते आणि साहेबांनी तो कधी दिला नव्हता. दुकानदाराने टीव्ही बसवताना बटण जिथे ठेवलं होतं, तिथेच ते होतं.

मुलगी या साहेबांची होती. कुमुद तिचं नाव. घरात ती आणि वडील, दोघंच.

रविवारी जी मालिका लागायची तिचं नाव 'लंगर नंबर सात'. लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर. युद्ध चालू आहे, पण मालिकेतली तुकडी आघाडीपासून इतकी मागे की तिच्यापर्यंत फक्त बटाटे पोचतात. एक बावळट मेजर, एक बेरकी आचारी आणि त्यांच्या मधे उकळणारी डाळ. देशभर लोक म्हणे या मालिकेला पोट धरून हसत होते. या हॉलमधे मात्र इतक्या महिन्यांत एकही माणूस हसला नव्हता, कारण साहेब हसले नव्हते. साहेबांच्या आधी हसू नये असा नियम कुणी केला नव्हता. पण साहेबांच्या आधी जेवायला बसत नाहीत, साहेबांच्या आधी उठत नाहीत, मग हसणार कसे? लोक टीव्ही बघून शिस्तीत घरी जायचे, दार लावून घ्यायचे आणि जेवताना हसायचे.

"अपमान आहे हा फौजेचा," खिलारे मला बाजूला घेऊन सांगत होते. "तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. मागच्या भागात शिपायाच्या छातीवर एक बटण उघडं. वर त्याच हालतीत मेजरला सलाम. आणि मेजर तो सलाम घेतो."

"मेजर मूर्ख दाखवलाय म्हणून घेतो," गवारे म्हणाले.

"मूर्ख असला म्हणून काय झालं? मेजर आहे ना?"

"सुभेदारसाहेब, माझी सगळी नोकरी लंगरमधे गेली. ही मालिका म्हणजे माझा फोटो आहे. फक्त डाळ चुकलीय. इतकी घट्ट डाळ कुठल्याच लंगरमधे नसते."

"म्हणजे तुम्हालाही आक्षेप आहे."

"डाळीपुरता."

वसाहतीत असे दोन पक्ष होते. तिसरा पक्ष बायकांचा. त्यांचं म्हणणं, त्याच वेळेला दुसरीकडे सहा सुनांची मालिका लागते, त्यातली चौथी सून आता विष घेणार आहे, आणि आपण इथे पुरुषांची डाळ बघत बसलोय. पण त्यांना मत नव्हतं, म्हणजे होतं, पण घरी.

"ते राहू द्या," माझा मामा म्हणाला. हे स्थळ त्याने आणलं होतं. "आधीची दोन मुलं नापास का झाली तेवढं सांगा."

नापास झालेल्यांची हकिकत सगळ्यांना पाठ होती. वसाहतीचा रिवाज असा, की स्थळ दुपारी आलं तरी संध्याकाळी त्याला हॉलमधे साहेबांच्या शेजारच्या स्टुलावर बसवायचं. पाहुणा नागरी माणूस, त्याला हुद्दा नाही, मग बसवणार कुठे? यावर बरीच चर्चा होऊन ते स्टूल मंजूर झालं होतं. मालिका संपली की साहेब घरी जाऊन निर्णय सांगायचे. पहिला मुलगा साखर कारखान्यातला केमिस्ट. तो शेवटपर्यंत हसला नाही. साहेब म्हणाले, नको. दुसरा बँकेतला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत हसला. साहेब म्हणाले, नको.

"केमिस्ट गेला कारण त्याने मांडीवर मांडी टाकली होती," खिलारे म्हणाले. "हसला नाही हे त्याचं बरोबरच होतं."

"बँकवाला गेला कारण त्याचे बूट मळलेले होते," गवारे म्हणाले. "हसला हे बरोबर होतं."

मामाने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "दिगंबर," तो म्हणाला, "तू असं कर. अर्धवट हस."

मी त्या काळी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहीत होतो. मराठीत यापेक्षा गंभीर धंदा नाही. दुपारी कुमुदने मला त्याबद्दलच विचारलं होतं. साहेब आत कपडे बदलायला गेले होते आणि मामा भिंतीवरच्या तलवारीशी बोलत होता.

"तुम्ही विनोदी लिहिता म्हणे."

"हो."

"मग तुम्हाला हसू येतं का?"

"लिहिताना येत नाही. छापून आल्यावर तर अजिबात नाही."

ती हसली नाही, पण हसू आवरल्यासारखं काहीतरी तिने केलं, आणि माझा निर्णय तेव्हाच झाला. मग दाराकडे बघून तिने आवाज खाली आणला.

"संध्याकाळी हसायला आलं तर खांदे हलवून हसा. आवाज नाही केलात तरी चालेल. आणि नाही आलं तर हसू नका."

"म्हणजे हसू की नको?"

"मी सांगितलं ते एवढंच," ती म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली.

खांदे कशाला हलवायचे हे मी विचारायला हवं होतं. पण जो माणूस नुकताच प्रेमात पडलाय तो तपशिलात शिरत नाही. तिने कान पकडून उठाबशा काढा म्हटलं असतं तरी मी किती एवढंच विचारलं असतं.

साहेबांची मुलाखत त्याआधी झाली होती. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की खिडकीच्या काचा बोलणं संपल्यावरही थोडा वेळ बोलत राहायच्या. ते तोफखान्यातले.

"गाव कोणतं?"

"पारनेर."

त्यांनी माझ्या तोंडाकडे रोखून पाहिलं. "हं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "गाव कोणतं?"

"पारनेर, साहेब."

"हं."

बाहेर आल्यावर मामाने माझी पाठ थोपटली. "उलटतपासणी होती ती. जबाब बदलतोय का बघत होते. तू नजर खाली घेतली नाहीस हे फार चांगलं केलंस."

मामाला युद्धाचा काहीच अनुभव नव्हता, पण माहिती भरपूर होती.

तर असा मी, चार सल्ले डोक्यात आणि पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन, संध्याकाळी त्या स्टुलावर बसलो. साहेब आले. हॉल उठला. साहेब बसले. हॉल बसला. कुमुद वडिलांच्या दुसऱ्या बाजूला, थोडी मागे, बुटक्या तिवईवर बसली. टीव्हीच्या वर भिंतीवर एक मोठा फोटो होता, साहेबांच्या रेजिमेंटचा, काचेच्या चौकटीतला. साहेबांची नजर टीव्हीवर नव्हती, या फोटोवर होती. खिलाऱ्यांनी मला हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि सांगताना टाचा जुळवल्या होत्या. "बघालच तुम्ही. मालिका चालू असते, पण साहेबांचं लक्ष रेजिमेंटकडे. अशी निष्ठा आता राहिली नाही."

मालिका सुरू झाली. मेजरच्या टोपीत कोंबडीने अंडं घातलं. मागून कुणाचा श्वाससुद्धा आला नाही. माझ्या धंद्यामुळे म्हणा, मला ते अंडं पहिल्याच दृश्यात येताना दिसलं होतं. मला हसू आलं नाही. मग आचाऱ्याने त्या अंड्याची भुर्जी करून मेजरलाच वाढली. तेही मला दिसलं होतं. मला घाम यायला लागला. हसू येत नाहीये, म्हणजे मी केमिस्टच्या वाटेने चाललोय. मी खोटं हसायचा विचार केला, पण ती वाट बँकवाल्याची. मामाच्या सांगण्याप्रमाणे मी अर्धवट हसून पाहिलं. मला उचकी लागली.

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. उचकीने माझे खांदे एकदा उडाले होते. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि परत थांबलं. मी थिजून बसलो. ते परत फोटो बघायला लागले.

आणि तेव्हा टीव्हीने मान टाकली. डाळीच्या भांड्यात मेजर पडणार एवढ्यात चित्र गेलं, आवाज गेला आणि पडद्यावर पाटी आली: व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत. मागे एक फूल होतं.

कुणीही हललं नाही. इतर ठिकाणी असं झालं की लोक पाणी प्यायला उठतात, शिव्या देतात, कुणीतरी अँटेना हलवायला गच्चीवर जातो. इथे साहेब उठले नव्हते. सगळी वसाहत त्या फुलाकडे सावधान होऊन बघत राहिली.

करायला काहीच नव्हतं, म्हणून मीही साहेब बघत होते तिकडे पाहिलं. रेजिमेंटच्या फोटोकडे.

फोटोतले लोक मला दिसले नाहीत. दिवे असे होते की काचेत आमचा हॉलच दिसत होता. खिलारे, गवारे, बाकं, सतरंजी, एकूण एक चेहरा. ते सगळे चेहरे साहेबांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होते. साहेब कधी हसतात याची वाट बघत. आणि साहेब काचेतून त्यांच्याकडे बघत होते.

माझी आणि साहेबांची नजर त्या काचेत भेटली.

दुपारी दोनदा विचारलेलं गाव आठवलं आणि मला एकदम समजलं. साहेबांना मालिकेतलं काही ऐकू येत नव्हतं. विनोद कुठे आहे हे कळायला ते मागच्या लोकांच्या हसण्याची वाट बघत होते, आणि मागचे लोक साहेबांची. इतके महिने, दर रविवारी, दोन्ही फौजा आपापल्या खंदकात बसून होत्या आणि पहिली गोळी कुणी झाडत नव्हतं.

आता मला हसू आलं. ते मी आणलं नव्हतं. आवाज फुटेना, पण खांदे हलायला लागले, पुडा हलायला लागला, आणि एक पेढा उडून कॅप्टनसाहेबांच्या बुटावर पडला. मामाने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पेढ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यांकडे पाहिलं. पडद्यावरची पाटी त्यांनी नीट वाचली. मग काचेत पाहिलं. आणि ते हसले. तोफखान्याचं हसणं होतं ते. पहिल्यांदा नुसता धक्का आला, आवाज मागून.

खिलाऱ्यांचा चेहरा मला काचेत दिसला. हा माणूस या क्षणासाठी तयार नव्हता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि हुकूम आल्यासारखे हसले. मग घडीच्या खुर्च्या हसल्या. मग बाकं. मग सतरंजी. शेवटी बायकांची रांग हसली आणि तिच्या टोकाला लान्स नाईकची बायको, काय दाखवताहेत हे न दिसता. महिन्यामहिन्यांचं साठलेलं होतं ते. अंड्याचं, भुर्जीचं, मागच्या दिवाळीतल्या भागाचं. चित्र परत आलं, मेजर डाळीत पडून बाहेरही आला, पण कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. गवारे डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणत होते, "फूल बघितलं का फूल?"

पाटीसमोर आम्ही सगळे सारखे होतो. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

घरी परतल्यावर साहेब व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले. "गाव कोणतं?"

मी त्यांच्याकडे तोंड करून, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणालो, "पारनेर."

"पारनेर," ते म्हणाले. "मग तसं सांगायचं. बरं आहे गाव." आणि आत वळून त्यांनी काचा थरथरवल्या. "कुमुद. मुलगा ठीक आहे."

मामा खाली बसला.

मला निरोप द्यायला कुमुद फाटकापर्यंत आली. मी विचारलं, "कधीपासून?"

तिने समजून न समजल्यासारखं केलं नाही. "तोफांनी गेले. एक कान पूर्ण, दुसरा जवळजवळ. नोकरीतून काढतील म्हणून तेव्हा लपवलं, आणि आता लपवायची सवय झालीय. कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे."

"इतक्या लोकांत कुणाला शंका आली नाही?"

"साहेब कुणाचं ऐकून घेत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. ऐकू येत नाही, असं कोण म्हणेल?"

फौजेचं मला कळत नाही, पण वरिष्ठांच्या बाबतीत या दोन गोष्टींत फरक करायची पद्धत मी इतरत्रही पाहिलेली नाही.

"आणि ती दोन मुलं?"

"एकाचं तोंड उघडेना, दुसऱ्याचं मिटेना. तो जाहिरातींनाही हसत होता. त्यांच्याकडे बघून बाबांना काय कळणार?" तिने फाटकाची कडी काढली. "मी गेल्यावर त्यांच्या शेजारी रविवारी कुणीतरी बसायला हवं. ज्याच्याकडे बघून कळेल असं."

म्हणजे नकार बाबांनी सांगितले असले तरी परीक्षा त्यांची नव्हतीच. पेपर तिने काढला होता, आणि उत्तरही दुपारीच फोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर खिलारे भेटले. मुद्दाम आले होते. "कालचा भाग," ते गंभीरपणे म्हणाले, "मला पटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकही बटण उघडं नव्हतं."

लग्न झालं. मला नगरलाच नोकरी मिळाली, म्हणजे मी ती मिळवली, आणि मालिका संपेपर्यंत दर रविवारी त्या स्टुलावर बसून मी खांदे हलवले. मी हलवले की साहेब हसायचे, साहेब हसले की वसाहत. एकदा गोमाशी बसली म्हणून मी खांदा उडवला आणि हवालदारांचं अख्खं बाक हसून मोकळं झालं. माझ्या लेखांना एवढा प्रतिसाद कधी मिळाला नाही. खिलारे आणि गवारे यांची भांडणं चालूच राहिली, पण आता दोघंही हसून झाल्यावर भांडायचे.

फार वर्षांनी, एका वाहिनीवर 'लंगर नंबर सात' परत लागली. साहेब तेव्हा खूप थकले होते. नातवंडांनी हट्ट करून त्यांच्या कानात यंत्र बसवलं होतं. मालिका हॉलमधेच बघायची असा त्यांनी हट्ट धरला. हॉलमधे आता कुणी येत नसे, घरोघरी टीव्ही होते. खिलारे गेले होते, त्यांच्या मागोमाग गवारेही. वेताची खुर्ची तेवढी होती. स्टूलही होतं.

मेजरच्या टोपीत कोंबडीने अंडं घातलं. साहेबांनी पहिल्यांदाच संवाद ऐकले. थोडा वेळ ऐकले, मग कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

"ही ती मालिका?"

मी मान हलवली.

"फार रद्दी आहे हो. मला तेव्हाही संशय होता. पण तुम्हाला एवढी आवडायची, म्हणून काही बोललो नाही."

मी त्यांच्याकडे तोंड केलं. "मला कधीच आवडली नाही, साहेब. एकदाही हसू आलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून हसत होतो."

त्यांनी माझं तोंड नीट वाचलं. भुर्जी झाली, मेजरने ती खाल्ली. साहेबांची नजर टीव्हीवरून वर गेली, रेजिमेंटच्या फोटोकडे. मीही पाहिलं. काचेत मागच्या घडीच्या खुर्च्या दिसत होत्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. बाकं दिसत होती. सतरंजी गुंडाळलेली होती.

"हसा, जावईबापू," ते काचेत बघत म्हणाले. "मागची मंडळी खोळंबलीत."